डाव्या हातात द्राक्षाचा घड

लेक आठ महिन्यांची होती तेव्हा खुळखुळा नेहमी उजव्याच हातात घ्यायची. घरात सगळ्यांना कौतुक, आत्तापासूनच हात ठरवलाय म्हणून. बाळ पहिल्या वाढदिवसाआधीच एकच हात वापरायला लागलं तर दुसरा हात डॉक्टरांना दाखवायला हवा, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! डावी मूठ कायम मिटलेली, अंगठा आत. आंघोळ घालताना मी एकेक बोट सोडवून तळहात धुवायचे, आत घामाचा आंबूस वास यायचा.

दीड वर्षाची असताना एमआरआय झाला. हेमिप्लेजिक सेरेब्रल पाल्सी. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा, म्हणून डावा हात-पाय कमजोर.

पुढचं वर्षभर तिला थेरपीसाठी एका ठिकाणी नेलं. तिथे पाऊण तास तिचा हात ओढून ताणायचे, ती रडायची आणि मी दाराबाहेर बसायचे. दुसऱ्याने ताणून दिल्याने हात काम शिकत नाही, तो स्वतः काहीतरी करून बघतो तेव्हाच शिकतो, हे मला फार उशिरा समजलं. त्या वर्षाची हळहळ अजून जात नाही.

मग गंगापूर रोडवरच्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं करायला शिकवणाऱ्या) मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "हिला घरात काय करायला आवडतं?" मी म्हटलं, "आजीच्या बांगड्या." त्यावरच त्यांनी सगळं बसवलं. चांगल्या हाताला मोजा घालायचा आणि कमजोर हाताकडून काम करून घ्यायचं. रोज दोन तास, आठवड्यातून सहा दिवस, तीन आठवडे. म्हणजे छत्तीस तास. फरक दिसायला साधारण ३० ते ४० तासांचा नेमका सराव लागतो, असं त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी जुन्या स्वेटरच्या बाहीचा मोजा शिवला. पहिले चार दिवस फार वाईट गेले. उभ्या धरलेल्या लाटण्यात बांगडी अडकवायची होती; तिला जमेना, ती बांगड्या फेकून द्यायची. चौथ्या दिवशी मीच मोजा काढला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "काम अवघड झालंय. बांगडी मोठी घ्या, लाटणं जवळ धरा." सासूबाईंचं जुनं कडं घेतलं. तिसऱ्या प्रयत्नात ते लाटण्यावर खट्कन बसलं आणि तिने आजीकडे असं बघितलं की आजीने हातातलं पीठ तसंच ठेवून टाळ्या वाजवल्या.

मग मोजा सुटला आणि दोन्ही हातांची कामं सुरू झाली. मटार सोलणं, डब्याचं झाकण, कागद धरून कापणं. फेब्रुवारीत द्राक्षं आली. ताटलीतला घड एका हाताने तोडायला गेलं की घरंगळतो, डाव्या हाताने देठ धरावाच लागतो. तिने तो धरला. अंगठा बाहेर होता! ती एकेक तोडून द्यायची, मी उभं चिरून परत द्यायचे. (लहान मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात अडकतं.)

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. सेरेब्रल पाल्सी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, आणि सरकारच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो.

आता ती पाच वर्षांची आहे. धावताना डावा हात अजून छातीशी जातो, घाईत असली की ती तो विसरते. मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा तीन आठवडे सराव करायचं ठरलंय. या वेळी काम तिनेच निवडलंय: बाहुलीची वेणी.