रिकाम्या नळीनेच अमोनिया फोडला तेव्हा

अमोनिया फोडून त्यातून हायड्रोजन मिळवायचा, हे माझ्या पीएचडीचं काम. रिॲक्टरमधून, म्हणजे अमोनिया जिच्यात फुटतो त्या तापवलेल्या नळीतून, बाहेर पडणारा वायू आम्ही एका छोट्या बाटलीतून न्यायचो. बाटलीत 0.1 मोलर सल्फ्युरिक ॲसिड, 20 मिली, आणि मिथिल रेडचे दोन थेंब. न फुटलेला अमोनिया ॲसिडात अडकतो. नायट्रोजन आणि हायड्रोजन बुडबुडे होऊन निघून जातात. ॲसिड संपलं की लाल रंग पिवळा होतो. मिनिटाला 10 मिली अमोनिया थेट सोडला, तर दहा मिनिटांत पिवळं. वीस मिनिटं लागली, तर निम्मा अमोनिया फुटला असं समजायचं. माझ्या पीएचडीची दोन वर्षं या बाटलीकडे आणि घड्याळाकडे बघण्यात गेली.

अमोनियाच का, असं घरचे विचारायचे. हायड्रोजन द्रवरूपात ठेवायला उणे 253 अंश लागतात, अमोनियाला उणे 33 पुरतात. त्याच्या वजनात साडेसतरा टक्क्यांहून जास्त हायड्रोजन असतो, आणि खत कारखान्यांमुळे साठवणुकीची, वाहतुकीची घडी आधीच बसलेली आहे.

निकेलचा कॅटॅलिस्ट, म्हणजे अमोनिया फुटण्याचा वेग वाढवणारा पदार्थ, मी स्वतः केला. 10 ग्रॅम ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) सच्छिद्र भुकटीवर आधी नुसतं पाणी थेंबथेंब सोडलं. 7 मिलीला भुकटी मुठीत लाडूसारखी धरायला लागली, तरी बोटाला पाणी लागत नव्हतं. म्हणजे तिच्या छिद्रांत मावतं तेवढंच. मग साडेपाच ग्रॅम निकेल नायट्रेटचं बरोबर 7 मिली द्रावण, गर्द हिरवं. 110 अंशांवर रात्रभर वाळवणं, 500 अंशांवर कॅल्सिनेशन, म्हणजे हवेत भाजणं, शेवटी 600 अंशांना हायड्रोजनमध्ये रिडक्शन, म्हणजे ऑक्साइडचा धातू करणं. पहिल्या दोन बॅचना मी द्रावण भराभर ओतलं होतं. रंग एकसारखा बसला नाही, दोन्ही टाकून द्याव्या लागल्या.

तिसऱ्या बॅचचे आकडे इतके छान आले की मी तीन महिने त्यांच्यावरच पुढचं काम रचत गेले. मग लॅबमधल्या सीनियर दादाने विचारलं, "ब्लँक घेतलास का गं? नळी रिकामी ठेवून बघ आधी." नळीत फक्त क्वार्ट्झ वूल (क्वार्ट्झचे कापसासारखे तंतू) ठेवून 600 अंशांना रन घेतला. रंग बदलायला तेरा मिनिटं लागली! कॅटॅलिस्टचा कण नाही, तरी जवळपास पाव अमोनिया फुटला होता. नळी स्टेनलेस स्टीलची होती. तिच्यातलं लोखंड आणि निकेलच काम करत होतं. तीन महिन्यांची रीडिंग मी त्याच संध्याकाळी बाद केली. खूप वाईट वाटलं, पण तेव्हा सापडलं नसतं तर ते प्रबंधात गेलं असतं. क्वार्ट्झची नळी बसवली, ब्लँक दहा मिनिटांवर आला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पुढचा घोळ हिशेबाचा. 500 अंशांना निकेलवर जीसीने (गॅस क्रोमॅटोग्राफ, वायूतले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) बाहेरच्या वायूत एक तृतीयांश अमोनिया दाखवला. मी वहीत 67 टक्के रूपांतर लिहिलं. बाटलीने मात्र वीस मिनिटं घेतली, म्हणजे 50. दोन दिवस साबणाचं पाणी लावून गळती शोधत बसले. शेवटी मॅडमनी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं: 100 रेणूंपैकी 50 फुटले, त्यांचे 25 नायट्रोजन आणि 75 हायड्रोजन झाले, एकूण 150. त्यात 50 अमोनिया म्हणजे एक तृतीयांशच. वायू फुगतो, ते मी धरलंच नव्हतं.

निकेलची खरी अडचण नायट्रोजनची आहे. हायड्रोजन सुटून जातो, पण नायट्रोजनचे अणू धातूला चिकटून बसतात आणि जोडीने निघायला वेळ लावतात. रुथेनियम त्यांना बेताने धरतं, म्हणून ते सरस. पण किंमत पाहता ग्रॅमच्या दशांशाचाही हिशेब ठेवावा लागतो. 2 टक्के रुथेनियम ॲल्युमिनावर चढवलं, हवेत न भाजता थेट हायड्रोजनमध्ये रिड्यूस केलं, कारण हवेत तापवलं तर त्याचा ऑक्साइड उडून जाऊ शकतो. क्लोराइड राहू नये म्हणून कोमट पाण्याने धुतलं.

क्वार्ट्झची नळी, तेवढाच कॅटॅलिस्ट, तेच 500 अंश. दहा मिनिटं झाली, वीस झाली. दादा जेवून परत आला. दोन तासांनंतरही बाटली लालच होती.