बादलीभरही नाही

एप्रिल २०२५मध्ये चीनने सात रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीतही मला एकच प्रश्न येतो: ‘वाळू आपल्याकडे आहे ना, मग चुंबक बनवायला तुमचं अडतं कुठे?’ विचारणारे रत्नागिरीकडचे असले तर काळ्या वाळूची पुडीही दाखवतात. ती बहुतेक इल्मेनाइट असते. तिच्यात टायटॅनियम असतं, चुंबकाला लागणारं निओडिमियम हे रेअर अर्थ नव्हे.

केरळातलं चवरा, ओडिशातलं छत्रपूर, ज्या वाळूत निओडिमियम सापडतं त्या मोनाझाइटमधलं थोरियम हे सगळं तुम्ही वाचलेलं असतं, म्हणून सोडते. माझं अडतं ते शुद्ध धातू हातात आल्यावर.

निओडिमियमचे दोन अणू, लोखंडाचे चौदा, बोरॉनचा एक. चुंबकाच्या या संयुगात वजनाने २६.७ टक्के निओडिमियम लागतं. आपण घालतो ३०.५ टक्के. वरचं ३.८ टक्के उधळपट्टी वाटते, पण भट्टीत तेच वितळून कणांच्या फटींत शिरतं, त्यांना जवळ ओढतं आणि थंड झाल्यावर एका कणाचं चुंबकत्व दुसऱ्यापासून वेगळं राखतं. तो पातळ थर नसला तर उलट क्षेत्र लागताच चुंबक मान टाकतं.

आता एक बिघडलेली बॅच. मिश्रधातूत हायड्रोजन मुरवून तो भुसभुशीत केला, जेट मिलमध्ये नायट्रोजनखाली ३ ते ५ मायक्रॉनपर्यंत दळला, चुंबकीय क्षेत्रात दाबला, १०६० अंशांवर निर्वातात भाजला. घनता घन सेंटीमीटरला ७.५ ग्रॅम यायला हवी, आली ६.९. पहिला संशय भट्टीवर. तापमान मोजणारा थर्मोकपल बदलला, तापमान ३० अंशांनी वाढवलं. घनता किंचित सरकली, ताकद नाही. मग बोरॉनवर संशय. तोही ठीक निघाला. आठवडे असेच गेले, आणि ऑक्सिजन मोजायचं सर्वांत शेवटी सुचलं, कारण ग्लोव्ह बॉक्सचा, म्हणजे भुकटी हाताळायच्या हवाबंद पेटीचा, ऑक्सिजन मीटर सतत समाधानकारक आकडा दाखवत होता. नमुन्यात ऑक्सिजन निघाला ०.६२ टक्के.

आकडा क्षुल्लक वाटतो ना? एक ग्रॅम ऑक्सिजन सहा ग्रॅम निओडिमियमला ऑक्साइडमध्ये अडकवतो. ०.६२ गुणिले सहा म्हणजे ३.७. जास्तीचं ३.८ टक्के जवळजवळ सगळंच गेलं. भट्टीत वितळायला काही उरलंच नव्हतं. मीटरचा सेन्सर आर्गॉन आत येतो त्या नळीपाशी बसवलेला होता आणि गळती होती दुसऱ्या टोकाला, हातमोज्याच्या रबरी कड्यापाशी. अर्धा किलो भुकटी बिघडवायला लागलेला ऑक्सिजन ३ ग्रॅम, म्हणजे सुमारे ११ लिटर हवा. बादलीभरही नाही.

सेन्सर हलवला, कडं बदललं. पुढच्या बॅचला ७.५ आली.

‘म्हणजे नीट काळजी घेतली की झालं,’ असं तुम्ही म्हणाल. पूर्वी मीही हेच म्हणायचे, वर ‘वाळू आपली, चुंबकही आपलं’ असं भाषणात ठोकून द्यायचे. अर्धा किलोला काळजी पुरते. टनावारी भुकटी दळताना प्रत्येक झडप, प्रत्येक साचा, प्रत्येक पाळी तितकीच हवाबंद लागते, आणि ती सवय कागदावरून उचलता येत नाही. विशाखापट्टणमला समेरियम-कोबाल्ट या दुसऱ्या जातीच्या चुंबकांचा कारखाना उभा राहिला, वर्षाला ३,००० किलोचा. चांगली गोष्ट आहे. पण गाड्यांच्या मोटरींना निओडिमियमचं चुंबक हवं, तेही १५० अंशांवर टिकणारं. त्यासाठी डिस्प्रोशियम हे आणखी एक रेअर अर्थ लागतं, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइटमध्ये ते नावापुरतंच असतं. हे आधीच माहीत होतं, तरी भाषणात कधी सांगितलं नाही. का, याचं धड उत्तर माझ्याकडे नाही.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मोनाझाइटमध्ये सिरियम हे रेअर अर्थ ढिगाने आहे, तेच घाला की!’ घालतात, थोडं. पण निओडिमियमच्या जागी पूर्ण सिरियम घातलं तर ते संयुग चुंबकत्व सोडतं दीडशे अंशांच्या आसपास. निओडिमियमचं सोडतं ३१२ला.