शिकागोतलं ऑफिस आणि मामांचे बारा माग

यंदा चार वर्षांनी गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला येणं झालं. नंदीध्वजांची मिरवणूक बघून रात्री उशिरा घरी आलो, जेवायला बसलो, आणि मामांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, “पोरी, तू तिकडं कन्सल्टिंग करतीस म्हणजे नेमकं काय करतीस? स्वतःची कंपनी चालवणाऱ्या माणसाला तुझ्यासारखीनं काय सांगायचं? आणि त्याचे पैसे ते कशापायी देतात?”

मामांचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. बारा माग. तीस वर्षं चालवतायत. त्यांना थातुरमातुर उत्तर देऊन चालणार नव्हतं.

मी राहते त्या शिकागो शहराचा या सल्ल्याच्या धंद्याशी जुना संबंध आहे. एडविन बूझ यांनी १९१४ मध्ये इथल्याच परिसरात कंपन्यांना सल्ला देण्याचं काम सुरू केलं. १९२६ मध्ये जेम्स मॅकिन्सी यांनी शिकागोतच आपली फर्म काढली. मॅकिन्सी शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते. हिशेबाची वही गेल्या वर्षी काय झालं एवढंच सांगण्यासाठी नसते, पुढच्या वर्षी काय करायचं हे ठरवायलाही ती वापरावी, हा त्यांचा आग्रह होता. आज ही साधी गोष्ट वाटते, पण त्या काळच्या कारखानदारांना ती नवीन होती.

आमचं काम बहुधा असं चालतं. कंपनीला एक प्रश्न पडलेला असतो: नफा का घटतोय, नवा कारखाना काढावा का, दोन कंपन्या एकत्र आल्यावर कोणतं खातं ठेवायचं. चार-पाच जणांची टीम दोन-तीन महिन्यांसाठी जाते, आकडे गोळा करते, माणसांशी बोलते आणि दर पंधरा दिवसांनी मालकांसमोर मांडणी करते. ठरलेल्या दिवशी आम्ही उठून निघतो. कायमची माणसं नेमायची तर पगार कायमचा, आणि ते काम तर तीन महिन्यांचं. बोलावण्याचं एक कारण हे. दुसरं म्हणजे अशा दहा कारखान्यांत काय घडलं ते फर्मने पाहिलेलं असतं. तिसरं कारण कागदावर कधी लिहिलं जात नाही. भागीदारांचं आपसात पटत नसतं, आणि दोघांनाही मान्य होईल असा परका माणूस हवा असतो.

तरी खरं काम मला कळलं ते शिकागोपासून दोन तासांवरच्या एका खोक्यांच्या कारखान्यात. छपाईचं यंत्र एका ऑर्डरवरून दुसऱ्या ऑर्डरवर जाताना फार वेळ बंद राहायचं. घड्याळ आणि वही घेऊन मी तीन दिवस त्या यंत्रापाशी उभी होते. साठीकडे झुकलेला ऑपरेटर यंत्र थांबवायचा आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला शाई आणायला जायचा. परत यायचा, प्लेट आणायला जायचा. मग पाना. एका बदलात चार फेऱ्या मोजल्या. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, तुम्ही असता तर काय केलं असतं? त्याने हातातला डबा बाजूला ठेवला आणि माझ्या वहीत पेन्सिलीने एक गाडा काढून दाखवला. शाई, प्लेट, पाने सगळं त्या गाड्यावर आधीच लावून ठेवायचं, पहिलं काम संपायच्या आत. जपानच्या शिगेओ शिंगो या अभियंत्याने नेमकी हीच पद्धत जगाला शिकवली: यंत्र चालू असताना उरकता येतील ती कामं आधी उरका, बंद यंत्रापाशी उरेल तेवढंच करा. या गृहस्थांनी शिंगोंचं नावही ऐकलेलं नव्हतं. आणि हे त्यांनी वरच्यांना दोनदा सांगून झालं होतं.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात तसं. मालकांच्या बैठकीत मांडणी मी करावी असं ठरलं होतं. मी मॅनेजरकडे हट्ट धरला आणि त्या ऑपरेटरलाच बोलायला उभं केलं. मला या कामाचा अभिमान वाटतो तो त्या दिवसामुळे.

वाईट बाजूही सांगते. काही वेळा निर्णय आधीच झालेला असतो. माणसं कमी करायची असतात आणि त्याला बाहेरच्याचा शिक्का हवा असतो. अशा एका कामावर मी होते. तिथल्या लोकांशी बोलताना त्यांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं, आणि मी पुन्हा तसं काम घेतलं नाही. सल्ल्याची जबाबदारी सल्ला देणाऱ्यावरही येते. ओपिऑइड, म्हणजे व्यसन लावू शकणारी वेदनाशामकं विकणाऱ्या कंपन्यांना दिलेल्या सल्ल्यावरून २०२१ मध्ये मॅकिन्सीला अमेरिकेतल्या राज्यांशी ५७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. म्हणून मामांना मी बजावलं, कन्सल्टंट बोलवायचा तर उत्तर आपल्याला खरंच हवं असेल तेव्हाच बोलवावा.

मामा म्हणाले, “मग माझ्या कारखान्यात ये की उद्या.”

गेले. त्यांची वही चोख. सूत, मजुरी, लाइट बिल, रंगाई, सगळं रोजच्या रोज लिहिलेलं. थांबलेला माग मात्र वहीत कुठेच नव्हता. टॉवेलच्या मागाला दोन बिम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ, लागतात, एक तळाच्या विणीचा, एक वरच्या लूपचा. रंग किंवा पन्हा बदलला की नवे बिम चढवायचे, शेकडो टोकं जोडायची, आणि तोवर माग उभा. मामा ओळखीच्या व्यापाऱ्यांच्या वीस-वीस डझनांच्या ऑर्डरी घ्यायचे, दर वेळी रंग वेगळा. भाव चांगला मिळतो, असं त्यांचं म्हणणं. उभ्या मागाचे तास धरून हिशेब मांडला तेव्हा त्या छोट्या ऑर्डरींत हाती जवळजवळ काहीच उरत नव्हतं. मामा बराच वेळ वहीकडे बघत बसले.

बाहेर जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा कारागीर, हात पुसत उभा होता. हळूच म्हणाला, “ताई, एका रंगाच्या ऑर्डरी एकत्र लावू, असं मी मालकांना दिवाळीपासून सांगतोय.”

मामांनी ते ऐकलं. रागावले नाहीत. आत जाऊन खुर्ची आणली आणि त्याला शेजारी बसवलं.

काल व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांनी फोटो पाठवलाय. शेडच्या भिंतीवर काळा फळा, बारा मागांच्या बारा ओळी आणि कोणता माग किती वेळ उभा राहिला त्याच्या खडूच्या रेघा. सात नंबरच्या ओळीत रेघा सगळ्यांत जास्त दिसतात. आज रात्री, म्हणजे तिकडच्या सकाळी, पहिली पाळी सुरू व्हायच्या आत जॉबरला फोन करून सात नंबरचं काय ते विचारणार आहे.