आप्पा पेपर वाचतात असं आम्हाला वाटायचं

आप्पांना लकवा मारला त्याला आता आठ महिने झाले. उजवा हात गेला, बोलणं अडकलं, ते डोळ्यांना दिसत होतं. पण वाचणंही गेलंय हे तीन महिने कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण रोज सकाळी चष्मा लावून ओट्यावर बसायचे, पानं उलटायचे, मधेच हं हं करायचे आणि आई शेजारणीला आमच्या अहिराणीत कौतुकाने सांगायची, आते पेपर वाचतस, म्हणजे आता पेपर वाचतात. एकदा माझ्या हातून आठ दिवसांपूर्वीचा पेपर दिला गेला आणि तोही त्यांनी तसाच अर्धा तास वाचला. अमळनेरच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं दिवाणजी होता हा माणूस, कापसाचा जुना भाव बघून गप्प बसेल? तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. दवाखान्यातून सोडताना वाचनाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

मग नाशिकच्या एक स्पीच थेरपिस्ट व्हिडिओ कॉलवर मिळाल्या. त्या म्हणाल्या हा अफेझिया, मेंदूच्या डाव्या भागाला मार बसला की भाषाच विस्कटते, बोलणं, ऐकून समजणं, वाचणं, लिहिणं सगळंच थोडंथोडं, बुद्धी गेलेली नसते. आणि पहिला नियम घालून दिला, कळलं का असं विचारायचं नाही. आप्पा सगळ्यालाच हो म्हणतात.

त्यांनी स्क्रीनवर लिहिलं, "भावाला बहिणीने पैसे दिले." पैसे कुणी दिले ते चित्रावर बोट ठेवून दाखवायचं. आप्पांनी भावावर ठेवलं. शब्द सगळे कळत होते, ला आणि ने निसटत होते. "भरीत" लिहिलेलं वाचलं "वांगं". मला हसू आलं पण बाई म्हणाल्या हे चांगलं लक्षण, अर्थाच्या जवळपास पोचतायत. अजून एक भानगड निघाली, उजव्या बाजूचं नीट दिसतच नव्हतं त्यामुळे ओळीचं शेपूट गायब, आणि आपल्या मराठीत "नाही" नेमकं शेपटालाच येतं! पाऊस पडणार नाही, आप्पांसाठी पाऊस पडणार. त्यावर उपाय एकदम साधा, पानाच्या उजव्या कडेला लाल स्केचपेनने उभी रेघ मारायची आणि नजर रेघेला टेकल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचं नाही.

बाकी थेरपी म्हणजे चिकाटीचं काम आहे. आधी मी वाचते, ओळीखाली बोट फिरवत, मग दोघं एका सुरात, मग मी आवाज कमी करत जाते. ही पद्धत अमेरिकेत लिओरा चर्नी आणि त्यांच्या सोबतच्यांनी 1986 च्या सुमाराला मांडली, तीन ते पाच शब्दांच्या वाक्यापासून सुरू करून हळूहळू परिच्छेदापर्यंत जायचं. दुसरी त्याहून जुनी, 1979 ची, मोयर नावाच्या बाईंची, एकच उतारा आठवडाभर रोज अर्धा तास मोठ्याने वाचायचा, पुढच्या आठवड्याला नवीन. आईला वाटायचं पाठांतर करून काय होणार, पण वेग वाढला हे तिलाही मान्य करावं लागलं.

माझी अक्कल अशी की घरात अहिराणी बोलतो तर अहिराणीतच लिहून देऊ. आप्पा कागदाकडे बघून हसायलाच लागले. अहिराणी त्यांच्या कानाची, डोळ्यांना सवय छापील मराठीचीच. आता वाचतो मराठी आणि त्यावर गप्पा अहिराणीत. शाळेच्या पुस्तकातल्या गोष्टी मात्र बंद केल्या, त्यांना ते अपमानासारखं वाटायचं. कापसाचे भाव, लग्नपत्रिका, लाइटबिल असलं घेतो, मोठ्या अक्षरात, एका ओळीत एकच गोष्ट.

परवा भरीतला भरीत म्हणाले. या आठवड्याचा मजकूर त्यांनी स्वतः बोट ठेवून निवडलाय, निधन वार्ता. आई कालपासून माझ्याशी बोलत नाहीये.