बाईंनी शिकवलेलं हॅव

मी १९८८ च्या दहावीच्या बॅचची. शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा ग्रुपवर मेसेज आला तेव्हा सगळ्यांना वाटलं की मी स्नेहसंमेलनावर लिहीन, नाहीतर पावसाळ्यात कराडच्या प्रीतिसंगमावर पाणी बघायला आख्खा वर्ग गेला होता त्यावर, पण मला लिहायचंय ते एका इंग्रजी शब्दावर. हॅव. गेली बावीस-तेवीस वर्षं मी इंग्लंडमध्ये नर्स आहे आणि ड्यूटीवर हा शब्द तोंडात आला की मला आपल्या आठवी ब चा फळा दिसतो.

आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, म्हणजे एबीसीडीच पाचवीत. घरी विचारावं तर कोणाला येत नव्हतं. आठवीत बाई आल्या (नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही, पण आपल्या शाळेत नुसतं बाई म्हटलं की त्याच) आणि पहिल्याच आठवड्यात मी उभं राहून विचारलं की बाई, गाईडमध्ये इज म्हणजे पण असणे लिहिलंय आणि हॅव म्हणजे पण असणे, मग फरक काय? बाई लगेच काही बोलल्या नाहीत. फळा पुसला आणि मराठीतच लिहायला लागल्या. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे सायकल आहे. माझ्याजवळ पाच रुपये आहेत. तिला ताप आहे. त्याच्या अंगात धमक आहे. टेबलाला चार पाय आहेत. मग म्हणाल्या, "आता ही सहाच्या सहा इंग्रजीत करा." सगळीकडे हॅव नाहीतर हॅज आलं की! आम्ही वळून वळून एकमेकींकडे बघत होतो.

"मराठीत हॅवला शब्दच नाही गं," बाई म्हणाल्या, "आपण मला, माझ्याकडे, माझ्याजवळ, अंगात असं सांगतो आणि शेवटी आहे लावतो, इंग्रज एकच क्रियापद वापरतो." मग त्यांनी विचारलं की "तिला दोन मुलं आहेत" आणि "तिच्याकडे दोन मुलं आहेत" यात फरक काय, तर मागच्या बाकावरची एक पटकन म्हणाली, बाई, दुसऱ्यात मुलं तिची नसतील पण, नुसती तिच्याकडे राहायला असतील. बाईंनी तिला पुढे बोलावून तिच्या हातात खडू दिला आणि ते फळ्यावर लिहायला लावलं. जिला इंग्रजीची सगळ्यात जास्त भीती वाटायची तीच ही मुलगी, आणि त्या दिवशी पूर्ण तास ती सरळ बसली होती. मला ते अजून आठवतं.

पण मला सगळ्यात आवडलेला तास लागणेचा. कोणीतरी तक्रार केली की एका शब्दाचे एवढे अर्थ कसे पाठ करायचे, तर बाई म्हणाल्या लागणेचा अर्थ सांगा बघू. भूक लागली, ठेच लागली, झोप लागली, नोकरी लागली, आग लागली, घाटात गाडी लागली, आंबा गोड लागला, कुलूप लागलं, चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट लागतो. फळा भरला तरी आमचं संपेना. "हे तुम्ही कधी पाठ केलं होतं?" बाईंनी विचारलं. कोणीच केलं नव्हतं. "मग हॅव पण तसंच येईल, शब्द एकटा बघू नका, शेजारी कोण बसलंय ते बघा." आणि सगळ्यात शेवटी, मला जावं लागतं, आय हॅव टू गो. म्हणजे मराठीतलं लागणे आणि इंग्रजीतलं हॅव तिथे येऊन एकमेकांना भेटतात. आणि म्हणताना हॅव टू नाही, हॅफ टू म्हणायचं हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, आपल्या गावात, त्या काळात!

पुढे मिरजेला नर्सिंग केलं, काही वर्षं पुण्यात नोकरी, आणि २००२ साली इकडे. सुरुवातीचे महिने अडॅप्टेशनचे, म्हणजे दुसऱ्या नर्सच्या हाताखाली काम करून दाखवायचं. पहिल्या हँडओव्हरला, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देतात तेव्हा, मी म्हटलं पेशंट इज हॅविंग डायबिटीस. आपल्याकडे सगळे तसंच बोलतात, डॉक्टरसुद्धा. सिस्टरनी शांतपणे हॅज करून दिलं आणि त्या क्षणी मला बाईंचा आवाज ऐकू आला, की जे आपलं आहे, अंगात आहे, त्याला हॅविंग नाही, जे आत्ता करतोय त्याला हॅविंग. शी इज हॅविंग हर टी चालतं, शी इज हॅविंग टू सन्स नाही चालत. शिकवलेलं होतं, सवयीने मोडलं होतं, परत बसवून घेतलं.

मग वॉर्डात हॅवच हॅव. सकाळी आजींना विचारायचं, वुड यू लाइक टू हॅव अ वॉश? कोणी पडलं की शी हॅड अ फॉल. ही हॅज अ टेम्परेचर म्हणजे ताप आहे, खरं तर अंगाला टेम्परेचर कायमच असतं. दुखतंय का विचारायला हॅव यू गॉट एनी पेन. एका पेशंटचा मुलगा म्हणाला, कॅन आय हॅव अ वर्ड? तेव्हा मी क्षणभरही अडले नाही, कारण बाईंनी सांगितलं होतं की असं आलं की क्रियापद पुढच्या नामात असतं, हॅव अ लुक म्हणजे बघणं, हॅव अ रेस्ट म्हणजे विश्रांती घेणं, हॅव अ वर्ड म्हणजे बोलायचंय. शेजारी कोण बसलंय ते बघायचं. बरोबरच्या केरळच्या मुलींना मी हेच समजावलं, लागणे सोडून बाकी सगळं.

इथली मुलंसुद्धा हॅवला चुकतात. शुड हॅवचं बोलताना शुडव्ह होतं, ते ऑव्हसारखं (of) ऐकू येतं, म्हणून कितीजण शुड ऑव्ह असं लिहितात. कानाने शिकलं की असं होतं, आपण डोळ्याने शिकलो, आपल्या चुका वेगळ्या.

एकदा वॉर्डात एक रिटायर्ड लॅटिन शिक्षिका होत्या. रात्री झोप लागत नसली की बोलायच्या. त्यांना मी सांगितलं की आमच्या भाषेत हॅव नाही, तर उठून बसल्या. म्हणाल्या लॅटिनमध्ये हाबेरे आहे, अर्थ तोच, दिसतंही तसंच, पण हॅवचं आणि त्याचं नातं नाही. हॅवचं खरं नातं कापेरेशी, म्हणजे पकडणे. लॅटिनमध्ये जिथे क तिथे इंग्रजी, जर्मनमध्ये ह येतो, तिकडे केंटुम तर इकडे हंड्रेड, तिकडे कोर्नू तर इकडे हॉर्न, हा नियम परीकथावाल्या दोघा ग्रिम भावांपैकी याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडला. म्हणजे हॅव मुळात मुठीत धरणं. मग त्यांनी विचारलं की तुमच्या भाषेत शब्दशः काय म्हणता? मी म्हटलं, वस्तू माझ्या बाजूला आहे, माझ्याजवळ आहे. त्या बराच वेळ गप्प होत्या आणि मग माझ्याकडून "माझ्याजवळ" तीनदा म्हणवून घेतलं. मला बाईंना फोन करावासा वाटला होता, पण तेव्हा नंबरच नव्हता.

मागच्या डिसेंबरमध्ये बाईंना भेटून आले. ऐंशी उलटून गेलीत, दिसायला कमी झालंय, पण आवाज तोच. लॅटिनवाल्या बाईंची गोष्ट सांगितली तर म्हणाल्या कोर्नू परत सांग, आणि नातीला कागदावर लिहून घ्यायला लावलं.

मुख्याध्यापकांना एक विनंती इथेच करते. मी जुलैत महिनाभर सुट्टीवर येतेय. आठवीचे आठवड्याला दोन तास मिळाले तर मला हॅव शिकवायचंय, लागणेपासून सुरू करून. प्रोजेक्टर वगैरे काही नको, फळा आणि खडू असला की झालं.