तुम्ही विचारलंत म्हणून: आपण जिरवलेलं पाणी आपल्यालाच मिळतं का?

मे महिना लागला की पुण्याच्या कोथरूड-बावधन पट्ट्यातल्या सोसायट्यांतून फोन यायला लागतात. "काकू, तुमच्याकडे ते पावसाचं पाणी साठवायचं-जिरवायचं केलंय ना? मग टँकर बंद झाले का?" बंद नाही, कमी झाले, असं म्हटलं की समोरचा जरा खट्टू होतो. मग खरा प्रश्न येतो: "आपण वर्गणी काढून पाणी जिरवायचं आणि ते शेजारच्यांच्या बोअरला जायचं, असं नको व्हायला!"

आधी हिशोब करू, कारण बहुतेकांनी तो केलेलाच नसतो. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ४० फ्लॅटची सोसायटी आणि ४०० चौरस मीटरची गच्ची धरा. २ लाख ८० हजार लिटर झाले. थोडं उडून जातं, थोडं वाहून जातं, पहिल्या पावसाचं आपणच सोडून देतो. हाताला साधारण ८० टक्के लागतं, म्हणजे सव्वादोन लाखाच्या जवळपास. दहा हजारी टँकर धरले तर बावीस. ऐकायला झकास वाटतं. आता खर्चाची बाजू बघा. माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी मापदंड, घरात चार माणसं, फ्लॅट ४०. रोजचे २१,६०० लिटर. म्हणजे वर्षभराचा गच्चीवरचा सगळा पाऊस या सोसायटीला दहा दिवस पुरतो!

बंगल्याचं गणित वेगळं. १०० चौरस मीटर छप्पर, घरात चौघं, तर ५६ हजार लिटर मिळतात आणि रोजचे ५४० लागतात. शंभराहून जास्त दिवसांची सोय. त्यामुळे "आमच्या मामांच्या बंगल्यात टँकर लागतच नाही" हे खरं असतं, आणि तरीही बारा मजली इमारतीला त्याचा दाखला चालत नाही. टँकरमुक्तीची हमी देणारा कुणी मीटिंगला आला, तर त्याला हे गणित फळ्यावर मांडायला सांगा.

मग करायचं कशाला? माझ्या मते सोसायटीला खरा फायदा पाणी लगेच वापरण्यात आहे, आणि त्याबद्दल कुणी विचारतच नाही. जून ते सप्टेंबर आपल्या डोक्यावर पाणी पडत असतं, आणि त्याच वेळी खाली बोअरचा पंप फ्लशसाठी घरघरत असतो. हा वेडेपणा आधी थांबवा. २५ मिलिमीटरची एक चांगली सर आली की त्याच ४०० चौरस मीटर गच्चीवरून आठ हजार लिटर उतरतात. दहा हजारांची टाकी असली तर ती आज भरते, उद्या फ्लश, गाड्या, जिने, बाग यांत संपते आणि पुढच्या सरीला पुन्हा भरते. फार मोठी टाकी लागत नाही. बोअरला पावसाळाभर सुट्टी मिळाली की जमिनीत आपोआप उतरणारं पाणी तिथेच राहतं. न उपसलेल्या पाण्याइतकं स्वस्त पुनर्भरण, म्हणजे जमिनीतलं पाणी पुन्हा भरणं, दुसरं नाही.

यात सगळा जीव गच्चीत आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात वर जाऊन बघा: पारव्यांची विष्ठा, कुणाच्या तरी कुंडीतली माती, संक्रांतीचा मांजा, गच्चीवरचं पाणी खाली आणणाऱ्या डाऊनटेक पाइपच्या तोंडाशी सुकलेल्या पानांचा बोळा. हे सगळं झाडून, गच्ची धुवून घ्यायची. पाइपच्या तोंडाला जाळी, खाली जमिनीलगत एक व्हॉल्व्ह. पहिले एक-दोन पाऊस तो उघडा ठेवून पाणी गटारात जाऊ द्यायचं. आमच्याकडच्या प्लंबरची परीक्षा साधी आहे: स्टीलच्या पेल्यात पाणी धरायचं, तळ स्वच्छ दिसला की व्हॉल्व्ह बंद. त्यानंतर खडी, वाळू आणि कोळशाच्या गाळणीतून टाकीत. हे पाणी तपासून, शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका. जुन्या इमारतीत फ्लशची लाइन वेगळी नसते, तिथे ते सरसकट मुख्य टाकीत मिसळायचीही घाई नको. कपडे धुवून मात्र बघा. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा नुसता चिकट थर येतो, या पाण्यात फेस आवरत नाही. शिवाय नळाच्या तोंडावर पांढरे क्षार धरत नाहीत.

पाऊस अडवून शहरात आणायची कल्पना पुण्याला नवी नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून ते पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून पेठांतल्या हौदांत आणलं होतं. हौद बरेचसे बुजले, ते असो.

आता शेजाऱ्याचा प्रश्न. आपल्या पायाखाली काळा बसाल्ट आहे, लाव्हाचे थरावर थर. वरचा मुरूम, त्याखालचा भेगाळलेला आणि जाळीदार दगड पाणी घेतो. अखंड काळा पाषाण जवळजवळ घेत नाही. दगड घेऊन घेऊन किती घेणार? त्याच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के पाणीच त्यात साठतं. आणि ते भेगांमधून सरकत राहतं. खडकाला सातबारा कळत नाही, कंपाउंड वॉल तर त्याहून नाही. तेव्हा हो, तुम्ही जिरवलेलं काही पाणी शेजारच्यांच्या बोअरला जाणार. तुमच्या बोअरला आज जे येतंय तेही वरच्या उतारावरून, टेकडीवरून आलंय आणि त्याचं बिल तुम्हाला कुणी पाठवलेलं नाही. भूजल हे सगळ्या गल्लीचं जॉइंट खातं आहे. काढणारे चाळीस, भरणारे दोन, अशी सध्या त्याची अवस्था आहे. शेजारच्यांनाही मीटिंगला बोलवा. उताराच्या दोन-चार सोसायट्यांनी मिळून केलं तर पैसाही वाटला जातो आणि परिणामही दिसतो.

जिरवण्याची जागा मात्र डोळे झाकून ठरवू नका. बंद पडलेला बोअर आहे म्हणून त्यात पाइप खुपसला, असं सर्रास चालतं. आधी त्यात टँकरभर पाणी सोडा आणि पातळी किती वेळात उतरते ते दोरी सोडून मोजा. पाणी तसंच उभं राहिलं, तर तो बोअर पाषाणात आहे. तिथे लाखभर रुपये घातले तरी ओव्हरफ्लोच होणार. जुनी विहीर असेल तर नशीबवान आहात. ती बुजवून पार्किंग करायचा ठराव आधी रद्द करा, कारण विहीर वरच्या थरातलं पाणी साठवते आणि तिचा फरक त्याच पावसाळ्यात डोळ्यांना दिसतो. पार्किंगमधलं तेलकट पाणी किंवा ड्रेनेजजवळचं पाणी बोअरमध्ये कधीच सोडायचं नाही. विहिरीचा गाळ काढता येतो, पण खोल बोअरमधलं नासलेलं पाणी साफ करणं जवळपास अशक्य असतं.

आता उरला सरकारी भाग. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना पावसाचं पाणी साठवण्या-जिरवण्याची ही व्यवस्था सक्तीची आहे, आणि चालू स्थितीत असेल तर महापालिका मिळकतकरात सवलत देते. म्हणून नवीन इमारतींत ती नकाशावर हमखास सापडते. फ्लॅट बघायला गेलात की क्लब हाउस, जिम बघून झाल्यावर विक्रीवाल्याला म्हणा, पुनर्भरणाच्या खड्ड्याचं झाकण उघडून दाखवा. आत खडी दिसतेय की राडारोडा, गच्चीवरचा पाइप खरंच तिथे येतो की रस्त्याच्या गटारात जातो, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. झाकणाची किल्ली कुणाकडे आहे हेच तिथे कुणाला माहीत नसेल, तर पार्किंगचा भाव करताना ते लक्षात ठेवा.