तुम्ही विचारलंत म्हणून: सहावा कप्पा

प्रश्न ठरलेला आहे, विचारणारे बदलतात. "एकट्याने खेळायचा गेम, समोर फक्त कॉम्प्युटर. मग 'आमचं चॅलेंज चालू आहे' म्हणजे नेमकं काय चालू असतं? आणि इतक्या वेळा जिंकून झालेला गेम स्वतःवरच नवनव्या अटी घालून पुन्हा कशाला खेळायचा?" परवा पुन्हा कोणीतरी विचारलं, तेही खूप आपुलकीने. म्हणून या वेळी दोन वाक्यांत न गुंडाळता सविस्तर सांगते.

गेमचं नाव मास्टर ऑफ ओरायन, अवकाशात आपलं साम्राज्य उभारण्याचा खेळ. 1993 सालचा. सिमटेक्सने बनवला, मायक्रोप्रोजने बाजारात आणला, मुख्य रचनाकार स्टीव्ह बार्सिया. शोधा, पसरा, साधनं वापरा आणि शत्रूला संपवा अशा चार क्रियांवर चालणाऱ्या खेळांना आज सगळे 'फोर एक्स' म्हणतात. ते नावही अ‍ॅलन एम्रिच यांनी याच गेमबद्दल लिहिताना रूढ केलं. सुरुवात 2300 सालात होते. तुमच्याकडे एक ग्रह, दोन टेहळणी जहाजं आणि वसाहतीचं एक जहाज, एवढाच संसार. दहा वंशांपैकी एक आपला, जास्तीत जास्त पाच प्रतिस्पर्धी. एक चाल म्हणजे एक वर्ष.

आता मुद्द्याचं. प्रत्येक नव्या डावात आकाशगंगा वेगळी असते, हे सहज कळतं. शोधांची यादीही वेगळी असते, हे मात्र खेळल्याशिवाय लक्षात येत नाही. संगणक, बांधकाम, ढाली, ग्रहविज्ञान, इंजिनं आणि शस्त्रं अशी सहा क्षेत्रं असतात, आणि प्रत्येकातले बरेचसे शोध तुमच्या डावात मुळी नसतातच. कधी चांगलं इंजिन गायब, कधी नेमका हवा तो बॉम्ब. त्यामुळे तुम्ही तुमचा डाव जिंकलात आणि मी माझा हरले, तर त्यावरून तुमच्या-माझ्या खेळाबद्दल काहीच कळत नाही. तुम्हाला काय मिळालं होतं आणि मला काय, याचा मेळच बसत नाही.

चॅलेंजमध्ये हा मेळ बसतो. एक जण डाव तयार करतो, 2300 सालची सेव्ह फाइल सगळ्यांना देतो आणि सोबत अटी लिहून देतो. सगळ्यांना तीच आकाशगंगा, तेच शेजारी, तीच शोधांची यादी. ज्यांनी पत्त्यांमधला डुप्लिकेट ब्रिज पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. तिथे एकदा वाटलेली पानं जशीच्या तशी सगळ्या टेबलांवर फिरतात, म्हणून पानं कशी पडली हा वादच उरत नाही. आमच्याकडे नशीब पूर्ण बाद होत नाही, कारण पहिल्या चालीनंतर प्रत्येकाचा डाव आपापल्या वाटेने जातो. कोणाकडे रोगाची साथ येते, कोणावर धूमकेतू. पण उंबरठा एकच असतो. चाल चुकली म्हणून जुनी सेव्ह उघडायची नाही आणि स्वतःचा डाव संपून अहवाल लिहून होईपर्यंत दुसऱ्याचा अहवाल वाचायचा नाही, हे दोन नियम कायमचे. दुसरा पाळणं पहिल्यापेक्षा फार कठीण जातं.

मला जो डाव सांगायचाय त्यात आमचा वंश साक्रा होता. सरड्यांसारखे दिसणारे, लोकसंख्या दुप्पट वेगाने वाढणारे. 48 ताऱ्यांची मध्यम आकाशगंगा, पाच प्रतिस्पर्धी, पातळी हार्ड. अट एकाच ओळीची होती: जहाजाचा कोणताही आराखडा कधीही रद्द करायचा नाही.

वाचून मला वाटलं, एवढंच? मग आराखड्यांचा पडदा उघडला आणि पोटात गोळा आला. या गेममध्ये एका वेळी जहाजांचे सहाच आराखडे ठेवता येतात. नवा हवा असेल तर जुना रद्द करायचा, आणि रद्द केला की त्या आराखड्याची सगळी जहाजं भंगारात. नेहमीच्या डावात हे आपण डोळे झाकून करतो. पण सुरुवातीलाच पाच कप्पे भरलेले असतात: टेहळणी, लढाऊ, विनाशिका, बॉम्बफेकी आणि वसाहत. म्हणजे अख्ख्या डावासाठी, काही शतकांसाठी, हातात रिकामा कप्पा एकच. सहावा.

तो कशाने भरायचा, आणि त्याहून मोठं म्हणजे कधी?

लवकर भरला तर आराखडा कच्चा राहणार. या गेममध्ये विज्ञान पुढे गेलं की जुनी यंत्रं लहान आणि स्वस्त होत जातात, त्याच सांगाड्यात दुप्पट ऐवज मावतो. म्हणजे थांबण्यात फायदा. पण थांबणार कुठवर? दिलेली लढाऊ जहाजं लेझर घेऊन येतात, आणि लेझरचा मारा 1 ते 4. बॉम्बफेकीवरचा अणुबॉम्ब 3 ते 12. समोरच्याने ग्रहावर पहिली ढाल उभी केली की ती प्रत्येक माऱ्यातून 5 कापून घेते. मग लेझरचा उपयोग शून्य आणि बॉम्बचं नुसतं ओरखडे काढणं. शिवाय दिलेलं वसाहतीचं जहाज फक्त राहण्याजोग्या ग्रहांवर उतरतं. ओसाड, गोठलेले, विषारी, किरणोत्सारी ग्रह हवे असतील तर त्यांच्यासाठी खास जहाज लागतं, आणि त्यालाही कप्पा तोच सहावा.

पहिल्या वर्षीचा प्रसंग आजही डोळ्यांपुढे आहे. घराजवळ दोन पिवळे तारे, पहिला दोन पारसेकांवर (पारसेक म्हणजे अवकाशातलं अंतराचं माप), दुसरा तीनवर. पिवळ्या ताऱ्याभोवती चांगला ग्रह असण्याची आशा जास्त. सुरुवातीचं इंजिन वर्षाला एक पारसेक कापतं, आणि एकदा जहाज सुटलं की ते मधूनच वळवता येत नाही. त्यासाठी लागणारा दळणवळणाचा शोध फार पुढे लागतो. म्हणजे टेहळणी जहाजासोबतच वसाहतीचं जहाज सोडायचं आणि देवाचं नाव घ्यायचं, किंवा टेहळणीचा निरोप येईपर्यंत ते घरी थांबवायचं. मी थांबले. दोन वर्षांनी कळलं की जवळचा ग्रह लहान आणि नापीक. तिसऱ्या वर्षी कळलं की दूरचा हिरवागार. मग जहाज निघालं, 2306 मध्ये पोहोचलं.

सहावा कप्पा मी 2341 मध्ये भरला. ओसाड ग्रहांवर उतरण्याची विद्या मिळाली होती आणि माझ्या पल्ल्यात असे चार ग्रह रिकामे पडले होते. साक्रा जिथे ठेवाल तिथे वाढतात, चार ग्रह म्हणजे केवढी माणसं! बटण दाबताना माझा हात थरथरला, हे अगदी खरं आहे. गोठलेल्या किंवा मृत ग्रहांसाठीचा पुढचा तळ आता कधीच बसवता येणार नव्हता, त्या जहाजाचं इंजिनही कायमचं तेच. पण चार ग्रह डोळ्यांसमोर होते आणि युद्ध दूर होतं.

पुढची 70-80 वर्षं सुखाची गेली. मग सायलॉन आले. संशोधनात सगळ्यांच्या दीडपट वेगाचे लोक, आणि माझे सख्खे शेजारी. माझ्याकडे क्षेपणास्त्र तळ होते, ते नव्या शोधांबरोबर आपोआप सुधारतात, त्यांच्या जोरावर मी तग धरला. पण तळ जागचा हलत नाही. वेढा घालायला आलेल्याला हाकलता येतं, त्याच्या घरी जाता येत नाही. दर 25 वर्षांनी महापरिषद भरते, लोकसंख्येप्रमाणे मतं मोजतात आणि दोन तृतीयांश मतं मिळवणारा सम्राट होतो. म्हणजे एक तृतीयांशापेक्षा थोडी जास्त मतं मुठीत असली की तुमच्या मनाविरुद्ध कोणी निवडून येत नाही. 2450 च्या परिषदेत ती मतं माझ्याकडे होती. पुढच्या 25 वर्षांत दोन ग्रह गेले. 2475 मध्ये सायलॉन निवडून आले, मी निकाल मान्य केला आणि हरले.

अहवाल लिहिला. कारण म्हणून लिहिलं की कप्पा लवकर भरला, थांबायला हवं होतं. रात्री उशिरा तो पाठवला आणि मग इतरांचे अहवाल उघडले. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या रात्रीत आहे.

एकाने कप्पा 2438 पर्यंत रिकामा ठेवला होता. मी तळांच्या आड बसले तसाच तोही बसला, पण एका गोष्टीची वाट बघत. मग त्याने सर्वांत मोठ्या सांगाड्यावर एक जहाज आखलं: लढाईच्या पटावर शत्रूला एक घर मागे ढकलणारा रिपल्सर किरण, आणि दोन घरांवरून मारा करणाऱ्या जड तोफा. ज्यांची शस्त्रं एकाच घरापर्यंत पोहोचतात त्यांना त्याच्याजवळ जाताच येईना. माझ्या निष्कर्षाला दुजोरा मिळाला म्हणून मला बरं वाटलं. थांबायलाच हवं होतं.

दुसरीने तर पहिल्या काही वर्षांतच कप्पा भरला होता. जादा इंधनाची टाकी असलेलं वसाहतीचं जहाज. मला पुढे कित्येक वर्षं ज्या ताऱ्यांपर्यंत जाता येत नव्हतं तिथे तिचे झेंडे लागले होते. म्हणजे लवकर भरूनही चालतं. माझं बरं वाटणं तिथेच संपलं.

तिसरा अहवाल मी दोनदा वाचला. त्या खेळाडूने सहावा कप्पा शेवटपर्यंत भरलाच नाही. मी ज्या पाच आराखड्यांना जन्मतः निकामी ठरवून टाकलं होतं, ते 2330 च्या आसपास कोणापेक्षाही कमी नसतात हे त्याने पाहिलं होतं. तेव्हा सायलॉनकडेही तेच लेझर, तेच बॉम्ब, आणि त्यांच्या नव्या वसाहतीवर ना ढाल ना तळ. त्याने आपली साधी लढाऊ जहाजं पुढे धाडली, मागून सैनिकांची वाहतूक जहाजं सोडली, ज्यांना कप्पा लागतच नाही. साक्रांची माणसं दुप्पट वेगाने भरून येतात, तेव्हा रिकामा झालेला ग्रह काही वर्षांत पुन्हा गजबजला. जिंकलेल्या कारखान्यांमधून सायलॉनचं तंत्रज्ञानही हाती लागलं. माझ्या डावात सम्राट झालेले तेच सायलॉन त्याच्या डावात एका ग्रहावर उरले होते, आणि 2425 च्या परिषदेत तो बिनघोर निवडून आला.

अट वाचल्यापासून मी फक्त रिकाम्या कप्प्याकडे बघत होते. तो भरलेल्या पाचांकडे बघत होता.

आता सांगा, हे मला एकटीने खेळून कधी कळलं असतं? आणखी शंभर डाव खेळले असते तरी प्रत्येक वेळी पहिली विनाशिका रद्द करूनच मी सुरुवात केली असती, कारण गेली कित्येक वर्षं मी तेच करत आले. गेम मला जिंकलीस किंवा हरलीस एवढंच सांगतो. त्याच ताऱ्यापाशी, त्याच वर्षी, तेवढ्याच साधनांत दुसऱ्या माणसाच्या डोक्यात काय आलं, हे तो सांगू शकत नाही. ते अहवालात मिळतं. काही जण दर दहा वर्षांचा हिशोब देतात, काही जण एखाद्या हरलेल्या लढाईवरच पानभर लिहितात. मला दुसऱ्या प्रकारचे जास्त आवडतात. आकड्यांतून डाव कळतो, लढाईतून माणूस.

अटींचंही तेच. बेड्या म्हणाल तर म्हणा, पण अट आली की सवयीने खेळलेल्या सगळ्या चाली एकदम बंद होतात आणि प्रत्येकाला स्वतःहून विचार करावा लागतो. अट नसती तर आम्ही सगळ्यांनी जवळजवळ एकच डाव खेळला असता. मग वाचण्यासारखं काय राहिलं असतं? म्हणून अट घालणाऱ्याबद्दल मला फार आदर आहे. सोपी ठेवली तर डावात दम राहत नाही, फार जाचक केली तर निम्मे जण 2350 च्या आत बाद. ती एक ओळ लिहिणाऱ्याने आधी स्वतः किती डाव मोडले असतील!

नवे गेम का नाही, असंही विचारतात. आहेत की, स्टेलारिस 2016 पासून आहे, तोही मी खेळते आणि मला आवडतो. पण त्यात एक डाव पूर्ण व्हायला आठवडे जातात. हा जुना गेम एका सुट्टीच्या दिवसात संपतो, म्हणून नोकरी-संसार सांभाळणारी माणसंही मुदतीत डाव संपवून अहवाल लिहू शकतात.

सोमवारी नवी फाइल आली. या वेळी वंश बुलराथी, जमिनीवरच्या लढाईत सर्वांत दणकट अस्वलं, आणि अट अशी की आपण होऊन कोणाशीही तह करायचा नाही. फाइल उघडली आहे. घराजवळ तीन तारे दिसताहेत, एक लाल, एक पिवळा, एक पांढरा. वसाहतीचं जहाज अजून घरीच उभं आहे. गेल्या वेळी माझी पहिली तीन वर्षं थांबण्यात गेली, त्या तिसऱ्या खेळाडूने ते पहिल्याच चालीला पिवळ्या ताऱ्याकडे सोडलं होतं. दोन दिवस झाले, मी 2300 सालातच आहे.